ट्यूबचा गिटार अ‍ॅम्प घरी आलाय : प्लग लावण्याआधी काय काय बघू?

सहातारा

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं ट्रान्झिस्टरच्या छोट्या अ‍ॅम्पवर वाजवतोय. गेल्या आठवड्यात चुलतभाऊ अमेरिकेतून कायमचा नाशिकला परतला आणि येताना त्याचा फेंडर ब्लूज ज्युनिअर घेऊन आला. १५ वॅट, १२ इंची एक स्पीकर, आत ट्यूब पाच : दोन मोठ्या ईएल८४ (स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूब) आणि तीन छोट्या १२एएक्स७. त्याची गिटार कधीच सुटली, त्यामुळे अ‍ॅम्प आता माझा.

खोक्यातून काढला, पुसला आणि दोन दिवस नुसता बघत बसलोय. चालू केलेला नाही. ट्यूबबद्दल इतकं उलटसुलट ऐकलंय की हात धजत नाही. आधी तापू द्यावा लागतो का? हळू आवाजात वाजवला तर चालतो का? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, शेजारी चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत अशी इच्छा आहे. सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी आमचा तासाभराचा कार्यक्रम असतो, तिथे हाच अ‍ॅम्प न्यायचा आहे.

ज्यांनी वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

हडसनकाठ

आधी एकच सांगतो, प्लग लावू नका. अ‍ॅम्प अमेरिकेत घेतलेला असेल तर तो १२० व्होल्टचा असणार. मागच्या पट्टीवर वाचा आणि इथे लिहा. ब्लूज ज्युनिअरला व्होल्टेज बदलायचा स्विच नाही. २३० व्होल्टला लावलात तर नशीब चांगलं असेल तर फक्त फ्यूज उडेल.

सहातारा

वाचलं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अंगावर काटा आला. भाऊ म्हणाला होता, "तो गोल अडॅप्टर लाव, चालेल." त्या अडॅप्टरने पिनांचा आकार तेवढा बदलतो, हे आत्ता कळतंय.

ओलीमाती

मी विद्युत अभियंता आहे, गिटार नवरा वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात येऊन गेलाय.

तुम्हाला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट उतरवून देणारा. अ‍ॅम्पच्या मागे जितके वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. १५ वॅट ही स्पीकरला जाणारी ताकद झाली. भिंतीतून तो त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, कारण ट्यूबचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, सतत तापत असतात.

आता हर्ट्झचं. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच्या लोखंडी गाभ्यावर २० टक्के जास्त चुंबकीय ताण येतो आणि तो जास्त तापतो. व्होल्टेज कमी केलं की तोच ताण उतरतो. म्हणून आपल्या बाजारात ११० व्होल्ट देणारे स्टेप-डाउन मिळतात ते इथे सोयीचेच पडतात. १२० ऐवजी ११० दिलंत तर वाढलेल्या २० टक्क्यांपैकी निम्मा भार गेला. फिलामेंटला ६.३ व्होल्टऐवजी साधारण ५.८ मिळतील, तेही चालतं, १० टक्क्यांच्या आतला फरक ट्यूब सोसतात. तरी पहिले काही दिवस तासाभराने अ‍ॅम्पच्या वरच्या पत्र्याला हात लावून बघत जा. हात ठेववत नसेल तर बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार सांगत नाहीत: बरेच स्वस्त स्टेप-डाउन बाहेरच्या बाजूला दोनच पिनांचं सॉकेट देतात. अर्थिंग तिथेच तुटतं. तीन पिनांचं सॉकेट असलेला घ्या आणि घ्यायच्या आधी मल्टीमीटर लावून बघा की भिंतीकडच्या प्लगची अर्थ-पिन आणि बाहेरच्या सॉकेटची अर्थ-पिन आतून जोडलेल्या आहेत. हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना व्हॉल्व्ह

ओलीमाती यांनी नेमकं लिहिलं आहे. मी सोलापुरात चाळीस वर्षं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं काम केलं. आम्ही ट्यूब म्हणत नसू, व्हॉल्व्ह म्हणत असू. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह यायचे. तुमच्या अ‍ॅम्पमधला ईएल८४ मी कितीतरी जुन्या सेटमध्ये बदललेला आहे. ही मुलं आज त्याच व्हॉल्व्हवर गिटार वाजवतात याचा मला मनापासून आनंद होतो.

अर्थिंगचं पुढे सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमची बोटं कायम अ‍ॅम्पच्या सांगाड्याला लागलेली आहेत असंच समजा. आत बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडेल. नसेल, तर ती वीज तुमच्या हातातून वाट काढेल. गुणगुण आवाज येतो म्हणून प्लगची अर्थ-पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. गुणगुणीवर इतर इलाज आहेत.

अ‍ॅम्प स्वतः उघडू नका, बंद असतानासुद्धा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो, आणि मोठ्या अ‍ॅम्पमध्ये तो ४५०च्या वर जातो. प्लग काढल्यावर तो लगेच उतरेलच याची खात्री नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की एक हात खिशात ठेवून मोजायचं, म्हणजे विजेला छातीतून जायला रस्ता मिळत नाही. ते अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. पुस्तक वाचून येणारी गोष्ट नव्हे ही.

रातराणी_ठाणे

माझी शंका याच धाग्यात विचारू का? माझ्याकडे २० वॅटचं हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि वेगळं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आहे. हेडच्या मागे स्पीकरसाठी १६, ८, ८ ओहम अशी तीन भोकं आहेत. कॅबिनेटवर १६ लिहिलंय. मी आजवर मधल्या ८ मध्ये लावत आले, तेही गिटारच्याच जादा केबलने. आवाज तर छान येतो.

मांडवी

रातराणी, ती केबल आजच बदल ग. तुझ्यासारखंच माझंही छान चाललं होतं.

माझी गोष्ट सांगतो. मडगावजवळ लग्नाचा कार्यक्रम होता, ३० वॅटचं हेड, खाली दोन स्पीकरचं कॅबिनेट. दुसऱ्या सेटच्या मध्ये नाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पाय केबलला लागला आणि स्पीकरचा प्लग अर्धवट बाहेर आला. मला वाटलं गिटारची केबल गेली. मी व्हॉल्यूम वाढवला, तारा खडखडून बघितल्या, पेडल तपासले. तोवर अ‍ॅम्प पूर्ण जोरात चालू आणि समोर स्पीकरच नाही. मिनिटभराने आतून चट्‌ असा आवाज आला, जळकट वास आला आणि फ्यूज उडाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, एक ट्यूब गेली, ट्यूबचं सॉकेट काळं पडलं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळेपर्यंत तीन आठवडे उसन्या अ‍ॅम्पवर काढले.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरला: आधी स्पीकरची केबल, ती दोन्ही टोकांना हाताने दाबून बघायची, मगच मेन्स. आवाज अचानक गेला तर पहिला हात अ‍ॅम्प बंद करण्याकडे. कारण नंतर शोधायचं.

ओलीमाती

मांडवी यांच्या अ‍ॅम्पचं असं का झालं ते सांगते, कारण ट्रान्झिस्टरवरून येणाऱ्यांना हे उलटं वाटतं.

ट्यूबचा प्रवाह थोडा आणि व्होल्टेज भरपूर. स्पीकरला लागतं नेमकं उलट. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मध्ये बसून हा सौदा जमवतो. ट्यूबने दिलेली ताकद पलीकडे स्पीकरमध्ये खर्च झाली पाहिजे. स्पीकरच नसेल तर ती गुंडाळीतच अडकते, आणि ट्यूबचा प्रवाह तुटला की गुंडाळी हजारांच्या घरात व्होल्टेज उसळवते. मग इन्सुलेशन फुटतं किंवा सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला स्पीकर तुटला तर काही होत नाही, शॉर्ट झाला तर तो मरतो. ट्यूबच्या अ‍ॅम्पला घटकाभर शॉर्ट परवडेल, मोकळं टोक परवडत नाही. फेंडरच्या कित्येक अ‍ॅम्पमध्ये म्हणूनच मुख्य स्पीकर जॅक रिकामा राहिला की तो आपोआप शॉर्ट होईल असा बांधलेला असतो.

रातराणी, तुमचं १६चं कॅबिनेट १६च्या भोकात लावा. ८मध्ये १६ लावलं तर ट्यूबना दुप्पट ओहम दिसतात. एका पायरीचा फरक बरेच अ‍ॅम्प निभावून नेतात, पण योग्य भोक शेजारीच असताना तो ताण कशाला द्यायचा? गिटारच्या केबलमध्ये एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. स्पीकरचा प्रवाह तिला झेपत नाही. ती गरम होते, आत तुटते, आणि तुटली की पुन्हा मांडवी यांचीच गोष्ट. दोन जाड समांतर तारांची स्पीकर केबल घ्या.

कॅबिनेटवर काही लिहिलेलं नसेल तर केबलच्या टोकाला मल्टीमीटर लावा. मीटर डीसी रोध दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा कमी असतो. ६ ते ७ दिसले तर ८ ओहम, १२-१३ दिसले तर १६, आणि ३ च्या थोडं वर दिसले तर ४.

रातराणी_ठाणे

मीटर लावला, १२.६. म्हणजे १६च. केबल बदलली, भोक बदललं. खालचा आवाज पूर्वीपेक्षा घट्ट वाटतोय. मांडवी आणि ओलीमाती, दोघांचे मनापासून आभार.

आता स्टँडबायचं सांगा, म्हणजे ट्यूब तापत्या ठेवून त्यांचं उच्च व्होल्टेज तोडणारं बटण. माझ्या हेडला ते बटण आहे. मी पंधरा-पंधरा मिनिटं स्टँडबायवर तापवत ठेवते.

हडसनकाठ

स्टँडबाय गिटारच्या अ‍ॅम्पला लागतच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. थंड कॅथोडवर (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) व्होल्टेज आलं की त्याचा लेप उडतो, हे प्रक्षेपणाच्या मोठ्या, हजारो व्होल्टच्या ट्यूबबाबतचं ज्ञान आहे. आपल्या ट्यूब ३००-४०० व्होल्टवर चालतात. जुन्या रेडिओला कुठे स्टँडबाय होता? आणि सहातारांच्या ब्लूज ज्युनिअरला तर ते बटणच नाही. चालू करा, अर्धं मिनिट थांबा, वाजवा.

जुना व्हॉल्व्ह

रेडिओला नव्हता हे खरं. पण बऱ्याच रेडिओंत रेक्टिफायरही (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचाच असायचा आणि तोही हळू तापायचा, म्हणून उच्च व्होल्टेज आपोआप सावकाश चढायचं. डायोडचा रेक्टिफायर असला की चालू केल्याक्षणी पूर्ण व्होल्टेज कपॅसिटरवर येतं, आणि व्हॉल्व्ह अजून थंड असल्याने ते ओढणारं कुणी नसतं. कपॅसिटर तेवढ्या व्होल्टेजचे नसतील तर त्या पहिल्या काही सेकंदांत त्यांच्यावर ताण येतो. त्यामुळे बटण दिलं असेल तर वापरायला माझी हरकत नाही. मात्र पंधरा मिनिटं नको. मिनिटभर पुरे.

हडसनकाठ

काका, कपॅसिटरचा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात फक्त ट्यूबच होत्या. उलट बाजूचंही सांगतो: फिलामेंट तापलेलं आणि प्रवाह मात्र शून्य, अशा अवस्थेत ट्यूब तासन्‌तास ठेवली तर कॅथोडवर एक रोधक थर बसत जातो आणि तिची ताकद उतरते. त्यामुळे रातराणी, जेवणाच्या सुट्टीत स्टँडबायवर सोडून जाऊ नका. अर्ध्या तासाहून जास्त थांबायचं असेल तर सरळ बंद करा.

सहातारा

मंडळी, स्टेप-डाउन आला. ५०० व्हीए, तीन पिनी, अर्थची सलगता दुकानातच मीटर लावून तपासली. दुकानदाराने आधी आणला तो खरंच दोन पिनी होता, परत केला. रविवारी सकाळी सगळे जागे असताना अ‍ॅम्प चालू केला.

आधी लाल दिवा, मग वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही, मग अगदी बारीक सूं असा श्वास. मागून बघितलं तर ट्यूबच्या आत नारिंगी उजेड. पहिला ई मेजर वाजवला आणि मी खाली बसलो. इतकी वर्षं मी जो आवाज पेडलमधून काढायचा प्रयत्न करत होतो तो तारेवरच्या बोटाखाली होता. हळू छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर कडेने फाटते, आणि मधल्या सगळ्या छटा माझ्या हातात.

पण दोन गोष्टी. एका ट्यूबच्या काचेवर निळसर झाक दिसते, ती धोक्याची आहे का? आणि हा आवाज मास्टरचं बटण ५ च्या पुढे नेलं तरच येतो. तिथे खिडकीच्या काचा थरथरतात.

जुना व्हॉल्व्ह

काचेच्या आतल्या पृष्ठभागावर निळी झाक दिसते आणि वाजवण्याबरोबर ती हलते, ती निर्धोक आहे. काही भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आपटतात त्याची ती चमक. जांभळट धुकं आतल्या धातूच्या पत्र्यांमध्ये भरलेलं दिसलं तर आत वायू शिरला आहे, व्हॉल्व्ह बदला. टोकाला जो आरशासारखा चंदेरी डाग असतो तो पांढरा पडला तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला.

आणि ही खूण कायम लक्षात ठेवा: आतला करडा पत्रा, म्हणजे प्लेट, लालबुंद व्हायला लागला तर त्याच क्षणी अ‍ॅम्प बंद करा. फिलामेंटचा नारिंगी उजेड मधोमध असतो, तो वेगळा. प्लेट लाल होणं म्हणजे व्हॉल्व्ह सोसवेल त्याहून जास्त प्रवाह ओढतो आहे. व्हॉल्व्ह बिघडला असेल किंवा बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा निवांत असतानाचा प्रवाह ठरवणारं व्होल्टेज, गेला असेल.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा घाला. 'टी' लिहिलेला असेल तर सावकाश उडणाराच हवा. एकदा बदलून पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, कारागिराकडे न्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज मी एका अ‍ॅम्पमध्ये पाहिला होता. त्या अ‍ॅम्पचा मेन्स ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला होता.

हडसनकाठ

ट्यूब बदलायची वेळ आली तर पॉवर ट्यूबची जुळलेली जोडी घ्या, एकटी बदलू नका. ब्लूज ज्युनिअरचा बायस कारखान्यात ठरवून दिलेला असतो, तो फिरवायला बाहेर बटण नाही. त्यामुळे नवी जोडी घातली की कारागिराकडून प्रवाह मोजून घ्या. ईएल८४ची प्लेट १२ वॅट सोसते, निवांत असताना तिने त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास असावं असा प्रघात आहे, म्हणजे ८.४ वॅट. नव्या ट्यूब आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. नेमाने वाजवणाऱ्याच्या पॉवर ट्यूब एक-दोन वर्षं टिकतात, प्रीअ‍ॅम्पच्या १२एएक्स७ कितीतरी अधिक. उगाच दरवर्षी सगळ्या बदलायची गरज नाही.

मांडवी

आवाजाचं मी सांगतो, कारण वाजवणाऱ्याला रोज भिडणारा प्रश्न तोच.

तुझ्या अ‍ॅम्पला दोन बटणं: व्हॉल्यूम आणि मास्टर. व्हॉल्यूम पहिल्या छोट्या ट्यूबना किती जोरात ढकलायचं ते ठरवतो, मास्टर पुढच्या ईएल८४ना. व्हॉल्यूम ७-८वर आणि मास्टर २वर ठेवलास तर छोट्या ट्यूबचा फाटका आवाज घरात बसेल इतक्या पट्टीत मिळतो. थोडा खरखरीत असतो, मान्य. मास्टर वर चढवलास की मोठ्या ट्यूब दबायला लागतात, आणि तू ज्याला 'बोटाखाली' म्हणालास तो गोलावा तिथून येतो. दोन्हींची सर एकमेकांना नाही.

बाकी सगळ्यात महत्त्वाचं बटण गिटारवर आहे. अ‍ॅम्प सोलोच्या पट्टीत लाव आणि गिटारचा व्हॉल्यूम ४-५वर आण. साथीचा स्वच्छ आवाज तोच. सोलो आला की करंगळीने वर. हे अंगात मुरायला मला दोन मोसम लागले, पण मग पायाखालची पेडलं निम्मी झाली.

टोनची तीन बटणं एकमेकांत गुंतलेली असतात. ती नसलेला आवाज घालत नाहीत, असलेला कापतात. तिन्ही मध्यावर ठेव. मिडल एवढं कमी करू नकोस की घरी गोड लागेल आणि बँडमध्ये गिटार गायब होईल. आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून वरून ऐकू नकोस. स्पीकरचा तिखट आवाज सरळ रेषेत जातो, तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो. खुर्चीवर ठेव किंवा मागे कलता ठेव, मग ट्रेबल लाव. समोर बसलेले दुवा देतील.

ओलीमाती

शेजाऱ्यांसाठी थोडं गणित. १५ वॅट म्हणजे ३० वॅटच्या निम्मा आवाज नाही, फक्त ३ डेसिबल कमी. कानाला निम्मा वाटायला वॅट दहा पटींनी उतरावे लागतात. गिटारचे स्पीकर भलतेच कार्यक्षम असतात, एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास. १५ वॅटला तोच आकडा १११-११२ होतो. ८५ डेसिबल आठ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा कानांच्या सुरक्षेचा नेहमीचा हिशेब लावला तर ११२ला जेमतेम एक मिनिट येतं. छोट्या खोलीत कानात प्लग घालूनच वाजवा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. माझ्या नवऱ्याचा डावा कान रात्रभर शिट्टी वाजवतो.

घरी मोठ्या ट्यूबचा आवाज हवाच असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावतात. तो बरीचशी ताकद उष्णतेत जिरवतो. त्याचे ओहम जुळलेले हवेत, वॅटक्षमता अ‍ॅम्पच्या दुप्पट हवी, आणि त्यावर कापड टाकायचं नाही. अ‍ॅम्प मात्र पूर्ण ताकदीनेच राबत असतो, त्यामुळे ट्यूब झिजतात तितक्या झिजणारच. लोडबॉक्स (स्पीकरच्या जागी लावायचा, सगळी ताकद जिरवणारा डबा) घेऊन हेडफोनवर वाजवायचं तरी हाच नियम.

चिपळूणचा पाऊस

कोकणातून एक भर घालतो. पावसाळ्यात अ‍ॅम्प खोक्यात बंद करून ठेवू नका. माझ्या अ‍ॅम्पच्या ट्यूब सॉकेटच्या पिनांवर दोन पावसाळ्यांत हिरवा थर आला आणि आवाज मध्येच तुटायला लागला. आता आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवतो, आतल्या उष्णतेने ओल निघते. मागच्या उघड्या बाजूने पाल शिरते, म्हणून वापर नसताना सुती कापड. चालू असताना कापड नाही, आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा. कार्यक्रमानंतर ट्यूब गरम असताना लगेच गाडीत टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा.

सहातारा

गणपतीच्या कार्यक्रमाबद्दल विचारायचं होतं. मांडवाला जनरेटर आहे, ध्वनिक्षेपकवाल्याचा बोर्ड वेगळा, आणि मी गातोही. पावसाचे दिवस. काय बघू?

ओलीमाती

गाणाऱ्या गिटारवाल्याला खरा धोका इथेच आहे, म्हणून मी आग्रहाने लिहिते. तुमच्या हातात अ‍ॅम्पची अर्थ आणि ओठाशी माइकची अर्थ. दोन्ही वेगवेगळ्या बोर्डांवर असतील आणि एकाची अर्थ तुटलेली असेल, तर दोघांमधला फरक तुमच्या शरीरातून जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच, अर्थ नसलेल्या माइकला हात लावून गेला.

करायचं ते एवढं: अ‍ॅम्पचं स्टेप-डाउन आणि ध्वनिक्षेपकाचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थमध्ये गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो हे बघा. मग सगळं चालू करून मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. दोन्ही हातांनी धातूला न शिवता. एखाद-दुसऱ्या व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर कारण सापडेपर्यंत गायचं नाही. पायाखाली कोरडी फळी आणि माइकला फोमची टोपी घाला. पण ती नुसती भर, मीटरचं काम ती करत नाही.

जुना व्हॉल्व्ह

जनरेटरचं व्होल्टेजही मोजा. लाइटच्या माळा लागल्या-विझल्या की ते वरखाली होतं. २५० दिसलं तर अ‍ॅम्प लावू नका, आधी ऑपरेटरला सांगून उतरवून घ्या.

सहातारा

काल कार्यक्रम झाला. सगळं जसंच्या तसं लिहितो.

दुपारी चार वाजता मीटर घेऊन मांडवात गेलो. तार ते माइक : ९० व्होल्ट. मी तीनदा मोजलं. ध्वनिक्षेपकवाला म्हणाला, "एवढं असतंच, काही होत नाही." मी गाणार नाही म्हणालो. मग त्याने स्वतःच बोर्ड उघडला, तर मिक्सर ज्या सॉकेटवर होता त्याची हिरवी वायर स्क्रूखालून निसटलेली. ती बसवल्यावर पुन्हा मोजलं, ०.४. तो गप्प झाला आणि मग बाकीची सगळी सॉकेटंही त्याने एकेक करून तपासली. गेल्या वर्षी याच मांडवात आठवीतल्या मुली त्याच माइकवर गायल्या होत्या. तो विचार रात्री बराच वेळ डोक्यातून गेला नाही.

अ‍ॅम्प प्लास्टिकच्या स्टुलावर कलता ठेवला, मास्टर ५, गिटारचा व्हॉल्यूम करंगळीखाली. पाऊण तास वाजवलं. मांडवीचं ते करंगळीचं मला दोनदाच नीट जमलं, पण ती दोन्ही वेळा बासवाल्याने मान वळवून बघितलं.

एक शंका उरली. खालची ए तार जोरात मारली की अ‍ॅम्पमधून बारीक काच किणकिणल्यासारखा आवाज येतो. इतर सुरांना नाही.

जुना व्हॉल्व्ह

तार आणि माइकमध्ये ९० व्होल्ट दिसले आणि तुम्ही थांबलात, हे वाचून फार बरं वाटलं.

किणकिण बहुतेक ईएल८४ची. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये ते उलटे लटकलेले आहेत आणि खाली स्पीकर हादरतो आहे. कुणाला तरी तोच ए सूर वाजवत ठेवायला सांगा आणि तुम्ही मागून कोरड्या लाकडी पेन्सिलीचं टोक एकेका व्हॉल्व्हच्या काचेला हलकेच टेकवा. बोट लावू नका, भाजेल. ज्याला टेकवल्यावर आवाज थांबेल तो तुमचा व्हॉल्व्ह. अ‍ॅम्प बंद करून अर्धा तास निवू द्या, मग त्याच्या काचेभोवती उष्णता सोसणारं सिलिकॉनचं कडं चढवा. दोन्ही ईएल८४वर पेन्सिल टेकवूनही किणकिण राहिली तर छोट्या व्हॉल्व्हवरच्या पत्र्याच्या टोप्या तपासा आणि इथे कळवा.